खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर नर्मदाबाई लोण्याहळदीची वाटी घेऊन गोठ्याच्या दारात आली आणि तिथंच थबकली. आत मळायला खांदाच नव्हता.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. दोन्ही जोड्या आणि गाडी वैशाखातच विकली होती. त्यांच्या जागी, गव्हाणीला नाक लावून, लष्कराच्या लिलावातली हिरवी लारी उभी होती. पण हाताची सवय वाईट. नवरा सोनाजी गेल्यापासून बारा वर्षं खांदेमळणी तिच्याकडे होती. विधवेच्या हाती कुणी कुंकवाचं ताट देत नाही, पोळ्याला बैल ओवाळायला पुढं बोलावत नाही. पण आदल्या संध्याकाळी जू बसतं त्या जागी लोणी-हळद चोळायची आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं, एवढ्याला तिला कुणी कधी अडवलं नव्हतं. वर्षातून एकदा ह्या घरातलं एक काम फक्त तिचं असायचं. सकाळी ताक घुसळून लोणी काढलं तेव्हा हे ध्यानातच आलं नाही, आणि आता वाटी घेऊन कुठं जावं ते कळेना.

ओसरीवर हरिचंद मातीच्या बैलांना शिंगं बसवत होता. तिचे थोरले दीर तातेराव, त्यांचा हा एकुलता एक. पण बापाशी त्याचं कधी जमलं नाही आणि काकूशी कधी बिघडलं नाही.

"बघून घ्या काकू," तो म्हणाला. "ज्याच्या दाराला शेळी न्हाई, त्यो मातीचे पुजतो. आता आमी बी त्याच लायनीत. औंदा नांगरट शेजाऱ्याच्या बैलांवर केली, अन् पोळा कुंभाराच्या मातीवर."

"मातीचेच बरे," ओट्यावरून तातेराव म्हणाले. "उधळत न्हाईत."

हरिचंदनं हातातलं शिंग दाबून बसवलं. बारा वर्षांपूर्वी हळदीची गाडी घेऊन वसमतला जाताना नदीच्या उताराला बैल उधळले होते. कासरा तातेरावांच्या हातात होता. मागं पोत्यांवर बसलेला धाकटा भाऊ सोनाजी चाकाखाली गेला. त्या दिवसानंतर तातेराव बैलगाडीत बसले नाहीत. लग्नकार्याला, बाजाराला, कुठंही जायचं तर पायी. आणि नर्मदाबाईनं त्याच वर्षी पोळ्याला त्याच जोडीचे खांदे मळले. तातेरावांना हे कोडं कधी सुटलं नाही. बैलांना माफी मिळाली. आपल्याला मिळाली का, हे विचारायचीही सोय नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायची ह्या घरात रीत नाही. तिला काही सांगायचं झालं तर हरिचंदला मध्ये घालून सांगायची, आणि असलं काही कुणाला मध्ये घालून विचारता येत नाही.

म्हणून त्यांनी लारी आणली होती. "लारीला बिरेक असतो. पाय ठिवला की उभी," हे वाक्य त्यांनी वैशाखात इतक्यांदा म्हटलं की गावातली माणसं त्यांची नक्कल करू लागली. लारी सोनाजीच्या पोरासाठी, संतरामसाठी होती. पुतण्याच्या हातात थांबणारं वाहन द्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता. तो त्यांनी कुणाला समजावून सांगितला नाही, आणि घरानं त्याला म्हाताऱ्याचा चळ म्हटलं. नर्मदाबाई तर बैल दावणीतून सुटले त्या दिवशी भर अंगणात, शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाली होती, "हरिचंदा, सांग तुझ्या बापाला. हे लोखंडाचं धूड ह्या घरात टिकायचं न्हाई. मी टिकू देनार न्हाई." रागात माणूस काय काय बोलतं. पण गाव असली वाक्यं जपून ठेवतं.

आता उद्या संतरामची परीक्षा होती. लायसन देणारा मोटारीचा साहेब तीन महिन्यांतून एकदा वसमतला यायचा आणि नेमका पोळ्याच्या दिवशी येणार होता. साहेबाच्या पंचांगात पोळा नसतो.

संतराम बावीस वर्षांचा. नांदेडचा उत्तमसिंग ड्रायव्हर दोन महिने घरी राहून त्याला शिकवत होता. पोराचा हात चांगला, नजर चांगली. शिरडच्या रस्त्यानं एकटा असला तर लारी अशी न्यायचा की डबक्यातलं पाणी उडत नसे. पण शेजारी बसून कुणी बघायला लागलं की त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून थरथरायचा. दात आवळून, मांडी दाबून, काही केल्या राहायचा नाही. आठ दिवस झोप नव्हती. आज ताटावर बसला तर भाकरी नुसती कुस्करत होता.

"साहेबाला आपला सोयरा समजा," त्याची बायको मंजुळा वाढता वाढता हळूच म्हणाली.

"तुझ्या बापापुढं चाललो तवा बी पाय थरथरत व्हता."

मंजुळाला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. औंढ्याच्या नागनाथाचा अंगारा तिनं सकाळीच त्याच्या सदऱ्याच्या खिशात बांधून ठेवला होता. हरिचंदनं विडी ओढायचा सल्ला दिला. उत्तमसिंग म्हणाला, "जूती मत पहनना. नंगे पाँव चलाना, पाँव को पता रहता है." तातेरावांनी तर जेवण होईपर्यंत चौथ्यांदा विचारलं, "डावीकडं वळायचं तर हात कसा?" संतरामनं हात दाखवला. "अन् थांबायचं तर?" संतरामनं तोच हात दाखवला आणि त्याच्या कपाळाला घाम आला.

"बराबर न्हाई," तातेराव म्हणाले. "ध्यान कुठं हाय तुझं? हे बघ, मी सांगितलंय ते सांगितलंय. पास झाला तर लारी तुझी. न्हाई तर उत्तमसिंगच्या शेठला देऊन टाकीन."

"साहेब तीन महिन्यांनी फिरून येतो की," हरिचंद म्हणाला. हे तो लारीसाठी म्हणत नव्हता, चुलतभावासाठी म्हणत होता.

"उताराला दुसरी बारी नसती," तातेराव म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले.

संतराम लारीच्या पायरीवर जाऊन बसला. पाय थरथरतच होता, आता तर कुणी बघतही नव्हतं. नर्मदाबाई अजून वाटी घेऊन गोठ्याच्या दारातच होती. ती त्याच्यापुढं जमिनीवर बसली.

"बैलाचा खांदा काहून मळत्यात, ठाव हाय?"

"जू बसतं म्हनून."

"व्हय. जू ठिवायच्या आदी त्याला सांगाया लागतं. की बाबा, तुझ्यावर वझं येनार हाय, अन् ते आमाला ठाव हाय. मंग त्यो बुजत न्हाई." तिनं लारीकडं एकदा नाखुशीनं बघून घेतलं. "तुझं जू कुठं बसतं रे ह्या धुडात?"

संतराम हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यानं उजवा पाय वर करून तळवा दाखवला. "हितं. सगळा जोर हितं."

तिनं पाय मांडीवर घेतला आणि बैलाचा खांदा मळावा तसा तो तळवा मळला. अंगठ्यानं दाबत, टाचेपासून बोटांकडं, सावकाश. लोण्याचा आणि हळदीचा वास दाटला. "आज आवतन घ्या," ती पुटपुटली, "उद्या जेवायला या." पाय थरथरायचा थांबला. कधी थांबला ते दोघांनाही कळलं नाही. त्या संध्याकाळी संतराम दिवेलागणीलाच झोपला आणि मंजुळानं हलवल्यावर उठला.

सकाळी निघताना नर्मदाबाईनं पळसाच्या पानाची एक पुडी त्याच्या हातात दिली. "परत थरथरला की लाव. अन् पुसू नको. मळलेला खांदा पुसायचा नसतो."

*

वसमतला कचेरीमागच्या मैदानात चार जण परीक्षेला होते. संतरामचा नंबर शेवटचा. साहेबाचे रोजे चालू होते; ओठ सुकलेले, आवाज बारीक झालेला. पण माणूस सरळ होता. पहिल्याला नापास करताना त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्याला पास करताना हसलाही नाही.

तिसऱ्यानं मागं घेताना पत्र्याचा पिंप पाडला. तो आवाज झाला आणि संतरामचा गुडघा सुरू झाला.

"क्या हुआ?" उत्तमसिंग म्हणाला.

"पाय."

"उसको डाँट मत. डाँटने से और काँपता है."

संतराम आपल्या लारीत चढला, दार ओढून घेतलं आणि वहाणा काढल्या. डावा कुठला, उजवा कुठला, थांबायचा हात कसा, सगळं एकमेकांत कालवलं होतं. त्यानं पुडी उघडली. उन्हानं लोणी वितळून पिवळं तेल झालं होतं. त्यानं ते उजव्या तळव्याला चोळलं, आईनं चोळलं तसंच, टाचेपासून बोटांकडं. वास आला आणि त्याला बाप आठवला. तो पाच-सहा वर्षांचा असताना सोनाजीनं त्याला उचलून बैलाच्या मानेशी धरलं होतं आणि म्हटलं होतं, चोळ, जोरात चोळ, त्याला बरं वाटतं. गुडघा गप्प झाला. जास्तीचं पुसावं म्हणून त्यानं उपरणं हातात घेतलं. मग आईचं बोलणं आठवलं आणि त्यानं उपरणं परत खांद्यावर टाकलं.

ह्यावर पुढं त्यानं आयुष्यभर विचार केला. एक उपरणं, एक घास गिळायला लागेल एवढा वेळ.

साहेब शेजारी येऊन बसला. "डरना नक्को. रोज जैसा चलाते, वैसाच चलाव."

संतरामनं लारी काढली. मैदानाला फेरा घातला. दोन पिंपांमधून मागं घेतली, दोन्हीकडं वीत वीत जागा ठेवून. वळताना हात बराबर निघाला. हळूहळू लारी थांबवायचं दोनदा झालं. बिरेकच्या पट्टीवर पाय थोडा सरकल्यासारखा वाटला, पण थांबली. बाहेर कडुलिंबाखाली छत्री घेऊन उभे असलेले तातेराव त्याला दिसले आणि काही झालं नाही. कुणी बघत असताना तो चालवत होता आणि पहिल्यांदाच बघणाऱ्याचं त्याला काहीसुद्धा वाटत नव्हतं. त्याला वाटलं, साहेबानं आता नांदेडपर्यंत चल म्हणावं.

"शाबास," साहेब म्हणाला. "अब नदी का उतार. बीच में रोकना."

पोळ्याचा दिवस. मैदानाला लागूनच नदी; तिथं गावचे बैल धुवायला आले होते. कुणाची शिंगं रंगवून झालेली, कुणाच्या गळ्यात नव्या घुंगुरमाळा. उताराच्या पायथ्याशी एक पांढरा बैल रस्त्यातच उभा होता आणि त्याचा मालक त्याची शेपटी पिळत होता.

"रोको."

संतरामनं पाय ठेवला. पाय लोखंडी पट्टीवर बसला आणि बाजूला निसटला. त्यानं परत ठेवला. परत निसटला. तिसऱ्यांदा त्यानं टाच मारली तेव्हा लारी बैलावर जात होती आणि मालकानं शेपटी सोडून उडी घेतली होती. साहेबानं वाकून दोन्ही हातांनी हातबिरेक ओढला. लारी कळवळल्यासारखी थरथरली आणि उभी राहिली.

बैल हातभर अंतरावर होता. तो रवंथ करत होता.

तातेराव उतारावरून पळत आले. साठीचा माणूस, छत्री कुठं पडली हे त्यांना नंतर आठवलंच नाही. हाच उतार होता. त्यांनी ते दुसऱ्यांदा पाहिलं होतं. लारीच्या दाराला धरून ते उभे राहिले.

साहेबानं रुमालानं तोंड पुसलं. मग तो संतरामकडं वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. "इतना अच्छा चलाया तुमने. फिर क्या हुआ? पाँव फिसला? सच बोलो. फिसला होगा तो मैं एक बार और देख लेतूँ."

संतरामनं खाली बघितलं. पट्टीवर पिवळं माखलेलं होतं. फक्त सांगायचं होतं. साहेब, पाय निसटला. मग साहेब विचारणार, काहून निसटला. लोणी. कुणी दिलं लोणी? दाराशी तातेराव उभे होते, एक एक शब्द ऐकत. मी टिकू देनार न्हाई, असं जी बाई भर अंगणात म्हणाली होती, तिनं दिलं. तिनंच सांगितलं, पुसू नको. मोठे बाबा काही बोलणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. ते नुसते मान हलवतील, आणि मग सगळं घर, सगळं गाव ती मान हलवेल. नवरा उताराला गेला, आता पोराला त्याच उताराला लावत होती. असं कुणी बोलून दाखवणार नाही, पण मरेपर्यंत तिच्याकडं बघताना ते प्रत्येकाच्या डोळ्यांत असेल. आणि आई स्वतःकडं कशी बघेल, ह्याचा तर त्याला विचारही करवेना.

त्यानं पाय पट्टीवर ठेवून पिवळं झाकलं.

"डर गया साहेब."

"पक्का?"

"हौ. पाय हललाच न्हाई."

साहेबाशी तो तेवढंच खोटं बोलला. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं. "तीन महिने बाद आना," असं म्हणून तो उतरला.

तातेरावांनी ते ऐकलं होतं. पोर वाचलं म्हणून त्यांच्या जिवात जीव आला होता. पण 'डर गया' हा शब्द त्यांच्या काळजात भलत्याच जागी जाऊन बसला. त्या दिवशी बैल उधळले तेव्हा कासरा ओढायचा होता. त्यांनी तो सोडला होता. भिऊन सोडला होता. हातातून हिसकला गेला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पोलीस पाटलाला सांगितलं, नर्मदेला हरिचंदकरवी सांगितलं. बारा वर्षं जे एक वाक्य त्यांना म्हणता आलं नाही, ते ह्या पोरानं परक्या माणसापुढं अर्ध्या घटकेत म्हणून टाकलं. त्यांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि माणसाची जात अशी की त्यांनी ते केलं नाही. त्यांना त्याचा राग आला.

"चल उतर," ते म्हणाले. "झालं तेवढं बास झालं."

परतताना उत्तमसिंग चालवत होता. पहिल्याच वळणाला त्याचा पाय बिरेकवरून सरकला. त्यानं खाली वाकून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मधे बसलेल्या संतरामकडं बघितलं. "ओए, ये तो..."

संतरामनं मान हलवली. अगदी थोडी. पलीकडं तातेराव बाहेर शेताकडं तोंड करून बसले होते. उत्तमसिंगनं चिंधीनं पट्टी पुसली आणि शिरड येईपर्यंत तो शीळ घालायलाही विसरला.

*

घरात पुरणाचा वास होता. देवळीपाशी मातीची जोडी मांडलेली होती, शिंगांना बेगड लावून. लारीचा आवाज ऐकून मंजुळा दारात आली आणि उत्तमसिंगला चाकावर बघून तिला विचारावं लागलं नाही.

"भेला," तातेराव ओट्यावर बसत म्हणाले. एवढंच. मग, "उद्या उत्तमसिंग लारी घेऊन जाईल. शेठला मी चिठ्ठी देतो."

"फिरून एकदा बसू द्या की त्याला," मंजुळा आतून म्हणाली. चुलतसासऱ्यापुढं तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. तो ऐकून तीच जास्त दचकली.

"भेदरट मानसाच्या हाती घरातली लेकरं देऊ म्हनता?"

"मंग बैल," हरिचंदच्या तोंडून निघून गेलं, "बैल कवा आनायचे?"

बोलल्यावर त्याला स्वतःची शरम वाटली. वैशाखापासून तो ह्याच दिवसाची वाट बघत होता, आणि दिवस आला तो चुलतभावाच्या पडक्या चेहऱ्यासकट आला. त्यानं संतरामकडं बघितलं नाही. पण मनात तो पुढच्या बाजारी पोचला होता, दात बघत होता, वशिंड चाचपत होता.

संतराम न्हाणीच्या दगडावर उभा राहिला. नर्मदाबाई तांब्या घेऊन आली. तिनं डाव्या पायावर पाणी घातलं, मग उजव्या. उजव्या पायावर पाणी ठरलंच नाही. अळूच्या पानावर घालावं तसं थेंब थेंब होऊन पळालं आणि दगडावर पिवळी धार उतरली.

तिनं तांब्या खाली ठेवला.

"किती लावलं व्हतं?"

"लावलं थोडं."

"कवा?"

"चढायच्या आदी."

ती उकिडवी बसून राहिली. मग तिनं विचारलं, "बिरेक कोनत्या पायानं दाबत्यात रे?"

संतरामनं उजवा पाय मागं घेतला. तिनं वर बघितलं, आणि तिला उत्तर मिळालं.

"भेलो मी आई," तो हळूच म्हणाला. "समजलं का? मी भेलो. दुसरं कायबी झालं न्हाई."

नर्मदाबाई उठली. तिचे हात ओले होते, ते तिनं पुसले नाहीत. ती सरळ ओसरीच्या दाराशी आली आणि चौकट धरून उभी राहिली. ओट्यावर तातेराव बसले होते, पाठमोरे, खांदे पडलेले. पाच पावलांवर. सांगायला एक दम पुरला असता. पोरगं भेलं न्हाई, भावजी, माझ्या लोण्यानं निसटलं. लारी राहिली असती. पोराचं नाव राहिलं असतं.

"हरिचंदा," ती म्हणाली. "सांग तुझ्या बापाला..."

सगळे तिच्याकडं वळले. तातेरावसुद्धा, अर्धे. हरिचंद मातीच्या बैलांपाशी उभा होता. त्याच्या मागं गोठा होता, गव्हाण होती, दावणीचे रिकामे खुंटे होते. पुढच्या पोळ्याला तिथं खांदे असणार होते. खरे, ऊन लागलेले, तिच्या हाताची वाट बघणारे. तिनं ते पाहिलं. ते आपण पाहिलं, हे तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

"काय सांगू काकू?"

"...जेवायला वाढलंय म्हनावं."

ती आत वळली. न्हाणीतून संतराम सगळं ऐकत होता. त्याला हायसं वाटलं, कारण त्याला हेच हवं होतं. आणि हेच हवं असूनही, तिनं सांगितलंच असतं तर, असं त्याला वाटून गेलं. मंजुळानं पुरणाची पोळी त्याच्या ताटात टाकली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, उद्या गावात काय ऐकायचं आहे त्याची तयारी करत.

*

ऐकायला लागलं ते लागलंच. 'बिरेकवाला' म्हणून त्याला चिडवायला कुणी विसरलं नाही; सोयरिकीत, पंगतीत, देवळाच्या पारावर. रस्त्यानं लारी गेली की माणसं म्हणायची, संतराम, बाजूला हो रे, भेशील. तोही हसायचा. तीन महिन्यांनी साहेब आला आणि गेला. संतराम गेला नाही. तातेरावांनी एकदा, एकटे असताना, त्याला म्हटलं, "भेला म्हनून काय झालं. मानूस भेतो." त्यांना पुढंही काही सांगायचं होतं. त्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन ते गेले, आणि सांगायचं ते त्यांच्याबरोबरच गेलं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात जोडी होती. पांढरी, भरल्या खांद्याची, हरिचंदनं तीन बाजार फिरून आणलेली. दिवस चांगले नव्हते. जाळपोळीच्या धास्तीनं गावोगावची माणसं संस्थानाच्या हद्दीपलीकडं चालली होती. पण पोळा पोळ्याच्या जागी आला. मंजुळानं लोण्याची वाटी आणून सासूच्या हातात दिली.

नर्मदाबाईनं ती घेतली नाही.

"आता तू मळ," ती म्हणाली.

"मी? आत्याबाई, हे तर तुमचं..."

"मळ म्हनते ना."

मंजुळानं वाटीत बोटं बुडवली. बैलानं मान खाली केली. पलीकडच्या बाजूला संतराम वैरण टाकत होता. त्याचे हात चालूच होते. मंजुळानं जमेल तसं चोळलं, आवतन म्हटलं, आणि झालं का म्हणून मागं बघितलं. नर्मदाबाई खांद्यावरच्या त्या पिवळ्या डागाकडं बघत होती.

"झालं की पुसून टाक," ती म्हणाली.

"पुसून?" मंजुळाला वाटलं आपल्या ऐकण्यात चुकलं. "मळलेला खांदा पुसायचा नसतो ना? तुमीच तर सांगत आल्या."

"पुसून टाक गं बाई," नर्मदाबाई म्हणाली आणि तिनं आपला पदर पुढं केला. "पुसून टाक."

बैलापलीकडं वैरण टाकणारे हात थांबले.